मनाच्या पुराला बांध

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जण नळदुर्गचा किल्ला पाहून आले आहेत? धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांची सहल एकदा तरी तिथे जातेच. बोरी नदी या किल्ल्याला बिलगून वाहते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, किल्ल्यातच या नदीवर एक भक्कम दगडी बांध घातला गेला. बांधाच्या पोटात चक्क एक छोटासा महाल बांधला! त्याला म्हणतात पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरून आली की पाणी बांधावरून दोन धारांनी खाली कोसळतं. एक 'नर' धबधबा, दुसरा 'मादी' धबधबा. काय तो आवाज! आणि गंमत म्हणजे, डोक्यावरून पाणी धो धो वाहत असताना आतल्या महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो.

तुम्ही वैशाखात गेलात तर? धबधबे गायब! बांधाचे नुसते तापलेले दगड. नदी तीच, जागा तीच. कधी पूर, तर कधी ठणठणाट.

काही माणसांच्या मनाचंही असंच होतं, बरं का! आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

दादाला झालंय तरी काय?

आपण एका घराची गोष्ट घेऊ. घर कल्पनेतलं आहे, पण अशी घरं गावोगाव असतात. घरात आई-बाबा, आजी, कॉलेजात शिकणारा दादा आणि आठवीतली त्याची बहीण.

गणपतीच्या दिवसांत दादा एकदम बदलला. रात्री दोन-तीन तास झोपायचा, तरी सकाळी टवटवीत. बोलणं असं सुसाट, की समोरच्याला एक शब्द मध्ये घालता येऊ नये. एका रात्री आजीला जाग आली, तर दादा अंगणात वहीत आकडे मांडत बसलेला.

"काय करायलास रं एवढ्या रात्री?"

"आजी, शंभर शेळ्या घेतो. वर्षात दोन हजार करतो. अख्ख्या गावाचं नशीब बदलतो, बघ तू!"

दुसऱ्या दिवशी त्यानं शेडसाठी उधारीवर पत्रे आणले. स्वतःचा मोबाईल एका मित्राला देऊन टाकला. बाबा "जरा थांब" म्हणाले, तर त्यांच्या अंगावर धावून गेला.

आणि दिवाळीत? तोच दादा अंथरुणातून उठेना. फराळाला हात लावला नाही. पत्र्यांकडे बघून म्हणायचा, "माझ्यामुळं घर बुडालं. माझ्याच्यानं कधीच काही होणार नाही."

आजी म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली." शेजारी म्हणाले, "लाडानं बिघडलाय." बहीण कुणालाच काही बोलली नाही. तिच्या मनात एकच प्रश्न होता, 'माझं काही चुकलं का? दादा माझ्यावर रागावलाय का?'

तिला आधी उत्तर देऊ. नाही, तुझं काहीच चुकलेलं नाही. आणि दादाचंही नाही.

ही खोड नव्हे, आजार आहे

या आजाराला डॉक्टर 'बायपोलर डिसऑर्डर' म्हणतात. मराठीत द्विध्रुवीय विकार. पृथ्वीला जसे दोन ध्रुव, तशी या आजारात मनाची दोन टोकं असतात. एक उन्मादाचं, म्हणजे पुराचं. दुसरं औदासीन्याचं, म्हणजे दुष्काळाचं. मधल्या काळात माणूस तुमच्या-आमच्यासारखाच असतो.

आता लगेच स्वतःला तपासायला बसू नका हं! निकालाच्या दिवशी नाचणं आणि सामना हरल्यावर रडणं हा काही आजार नव्हे. मन वर-खाली होणारच. उन्माद म्हणायचा, तर ती अवस्था साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकते. औदासीन्य किमान दोन आठवडे. आणि त्यात झोप, खाणं, अभ्यास, नाती, पैसा असं सगळंच विस्कटतं. निदान मात्र मनोविकारतज्ज्ञांनीच करायचं, शेजाऱ्यांनी नाही.

२०१५-१६ मध्ये आपल्या देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यानुसार दर २०० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावातही अशी काही माणसं असणारच. बऱ्याच जणांमध्ये त्याची सुरुवात होते ती ऐन तारुण्यात, दादाच्याच वयात. काही घराण्यांत तो जास्त दिसतो. ताण आणि जागरण यांनी तो उफाळून येऊ शकतो. पण सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नजर, करणी, भानामती यांच्याशी तर त्याचा काडीचा संबंध नाही.

आधी औषध

या आजारावर औषधं आहेत. त्यातलं सर्वांत गाजलेलं म्हणजे लिथियम. होय, मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच मूलद्रव्य! औषधात मात्र ते क्षाराच्या रूपात आणि मोजून-मापून दिलं जातं. उन्मादावर ते उपयोगी पडतं, हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली दाखवून दिलं. आज त्याच्या जोडीला इतरही औषधं आहेत.

लिथियम घेणाऱ्याला मधून मधून रक्त तपासावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विशेष काळजी हवी. घाम फार गेला, पाणी कमी पडलं किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर रक्तातलं लिथियम वाढून त्रास होऊ शकतो. म्हणून उन्हात राबताना पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ एकाएकी बंद करायचं नाही आणि काही त्रास वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

पण नुसत्या गोळीनं सगळं भागतं का? दादाला दोन महिन्यांत बरं वाटू लागलं, तसा तो म्हणाला, "आता कशाला गोळ्या? मी ठणठणीत आहे." इथेच अनेकांचा घात होतो. गोळी सुटते आणि आजार परततो. म्हणून औषधाच्या जोडीला दुसरा एक उपचार देतात. त्यात सुई नाही, गोळी नाही. एक वही, एक पेन, समोर बसलेले मानसतज्ज्ञ आणि आठवड्याला तासभर बोलणं. या उपचाराचं नाव 'कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी', थोडक्यात सीबीटी. आपण त्याला साधं नाव देऊ : विचार-वर्तन उपचार.

तेरचं थापटणं

हा उपचार समजून घ्यायला आपण तेरला जाऊ. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव. धाराशिवहून काही फार लांब नाही. गोरोबाकाका कुंभार होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कथा सांगतात, की एकदा त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं विचारलं, "काका, हे लाकडाचं काय आहे?" काका म्हणाले, "थापटणं. यानं मडकं ठोकून कच्चं की पक्कं ते कळतं." मग काय, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं! नामदेव तेवढे रागावले आणि 'हे मडकं अजून कच्चं आहे' असं ठरलं.

विचार-वर्तन उपचारात नेमकं हेच करतात. फक्त थापटणं डोक्यावर नाही, डोक्यातल्या विचारावर मारायचं!

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ॲरन बेक नावाचे डॉक्टर होते. १९२१ मध्ये जन्मले आणि वयाची शंभरी ओलांडून २०२१ मध्ये वारले. उदास रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की या माणसांच्या मनात 'मी वाईट, जग वाईट, पुढेही वाईटच' असे विचार आपोआप येत राहतात. आणि रुग्ण ते विचार न तपासता खरे मानून चालतो. मग १९६०च्या दशकात बेक यांनी विचार तपासायची पद्धत घडवली. त्याआधी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनीही अशीच वाट काढली होती.

एलिस यांची ही विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात आली ती मुख्यतः मराठी माणसांच्या कष्टानं. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. डॉ. अंजली जोशी यांनी त्यांच्या विचारांवर मराठीत पुस्तकं लिहिली. १९९० साली ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सोप्या मराठीत घरोघर पोचवली. तसं पाहिलं तर मनाशी बोलण्याची सवय आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले आहेत, नाही का?

आता दादाच्या वहीचं एक पान पाहू.

*काय घडलं?* मित्र रस्त्यात दिसला, पण बोलला नाही.
*मनात काय आलं?* 'सगळे मला टाळतात. मी कुणाला नकोय.'
*कसं वाटलं?* दुःख. दहापैकी नऊ.
*विचार खरा असल्याचा पुरावा?* तो बोलला नाही.
*खरा नसल्याचा पुरावा?* कालच त्यानं फोन केला होता. आज तो एसटी पकडायला पळत होता.
*मग आता काय म्हणता येईल?* 'तो घाईत होता. संध्याकाळी विचारीन.'
*आता कसं वाटतं?* दुःख. दहापैकी पाच.

पाहिलंत? दुःख शून्य झालं नाही. जादू नाहीच ही. पण नऊचं पाच झालं, आणि पाचाचं ओझं घेऊन माणूस अंथरुणातून उठू शकतो.

'वर्तन' हा शब्द नावात आहे, तो उगाच नाही. मन उदास असताना 'बरं वाटलं की उठीन' असं म्हणून चालत नाही. आधी उठायचं, मग थोडं बरं वाटतं. पहिल्या दिवशी नुसतं तोंड धुऊन ओट्यावर बसायचं. दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालायचं. तिसऱ्या दिवशी बहिणीबरोबर दुकानापर्यंत जायचं. केलेल्या कामावर वहीत खूण करायची. बस्स!

गोड विचारालाही थापटणं

उदासीचे विचार तपासायचे हे पटतं. पण या आजारात आणखी एक अवघड गोष्ट शिकावी लागते. आनंदाचे विचारही तपासायचे! 'शंभर शेळ्यांच्या दोन हजार' हा विचार दादाला किती गोड वाटला होता! कच्चं मडकंही रंगवलं की देखणं दिसतंच. पाणी भरलं की कळतं.

त्यासाठी दोन साधे नियम शिकवतात. पहिला नियम ४८ तासांचा. मोठा खर्च, मोठं कर्ज, मोठा निर्णय मनात आला, की पूर्ण दोन दिवस थांबायचं. विचार पक्का असेल तर तो दोन दिवसांत कुठे पळून जात नाही. दुसरा नियम दोन माणसांचा. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा दोघांना विचारायचं. दोघंही 'थांब' म्हणाले, तर थांबायचं.

पण एक लक्षात घ्या. उन्माद पूर्ण चढल्यावर हे नियम कुणाला ऐकू येत नाहीत. मग ते केव्हा ठरवायचे? मन शांत असताना! नळदुर्गचा बांध काय पुराच्या दिवशी बांधला असेल? छे! पाणी कमी असताना दगड रचले, म्हणून पुराच्या वेळी तो उभा राहिला. दादानंही बरं वाटत असताना स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहिला आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

पुराच्या खुणा

त्या कागदावर काय होतं? पूर एकाएकी येत नाही. आधी पाणी गढूळ होतं, काड्या-कचरा वाहत येतो. नदीकाठच्या माणसांना या खुणा कळतात. आजाराच्याही अशा खुणा असतात, आणि प्रत्येकाच्या वेगळ्या. दादानं लिहिलं :

'माझ्या खुणा. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप. बोलण्याचा वेग वाढणं. एका दिवसात तीन नवे बेत. बाबांचा उगाच राग येणं. यातल्या दोन दिसल्या, की बाबा मला डॉक्टरांकडे नेतील. मी नाही म्हणालो तरी. माझं एटीएम कार्ड आईकडे राहील.'

इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ६९ रुग्णांवर केलेला याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला आपापल्या खुणा ओळखून वेळीच मदत मागायला शिकवलं. पहिल्या गटातल्या पाव रुग्णांना १७ आठवड्यांच्या आत पुन्हा उन्माद आला. शिकवलेल्या गटात पाव रुग्णांपर्यंत ही पाळी यायला ६५ आठवडे लागले. म्हणजे चार महिन्यांऐवजी सव्वा वर्ष!

भवानीचीही झोप

या खुणांमध्ये सर्वांत मोठी खूण झोपेची. आणि ती नुसती खूण नाही, कारणही आहे. जागरणानं उन्माद पेटू शकतो. आपल्याकडे तर जागरणाचे प्रसंग कितीतरी! गोंधळ, नवरात्र, कोजागरी, लग्नाची वरात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली, की पाणी द्यायलाही रात्रीच जायचं.

"तरणाताठा पोरगा दहालाच झोपतो?" असं म्हणून दादाला कुणी हसलं, तेव्हा आजीनंच उत्तर दिलं, "तुळजापूरची आई भवानी दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत पलंगावर झोपते. श्रमनिद्रा म्हणतात तिला. देवीला झोप लागते, तर माझ्या नातवाला नको?"

आता यावर कोण काय बोलणार!

म्हणून ठरलं. झोपायची आणि उठायची वेळ एकच. जागरणाला जायचं, पण आरती झाली की परत. रात्रीच्या पाण्याची पाळी बाबांची किंवा काकांची.

खरंच उपयोग होतो का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. थापटणं उपचारावरही मारायला हवं!

२००३ मध्ये लंडनच्या डॉमिनिक लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं सगळ्यांनाच होती. निम्म्यांना जोडीला विचार-वर्तन उपचार दिला. वर्षभरात औषध-गटातल्या शंभरातल्या ७५ जणांचा आजार उलटला. दोन्ही उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात ४४ होतं.

पण २००६ मध्ये ब्रिटनमध्येच २५३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात एकूण फरक दिसला नाही. ज्यांना आजाराचे झटके बारापेक्षा कमी वेळा येऊन गेले होते, त्यांना मात्र फायदा झालेला दिसला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या २९३ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात उदासीच्या काळात औषधाबरोबर भरपूर बोलण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण वर्षभरात बरे झाले. थोडक्यात समुपदेशन मिळालेल्यांत ते ५२ होते.

यातून काय शिकायचं? एक, हा उपचार औषधाची जागा घेत नाही. त्याच्या खांद्याला खांदा लावतो. दोन, तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. वर्षं लोटल्यावर नाही, पहिल्या-दुसऱ्या पुरानंतरच बांधाला हात घालायचा.

तुम्ही काय कराल?

तुमच्या घरात असा दादा, ताई, काका किंवा आई असेल, तर तुम्ही डॉक्टर व्हायचं नाही. पण धाकट्या माणसालाही पुष्कळ करता येतं. 'येडा' म्हणायचं नाही, कुणी म्हटलं तर हसायचं नाही. उदास माणसाला "हस ना जरा" असं सांगण्यापेक्षा शेजारी जाऊन बसायचं. उन्मादात असलेल्याशी वाद घालायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं. घरातलं माणूस 'जगणं नकोसं झालंय' असं म्हणालं, तर ते गुपित ठेवायचं नाही. "कुणाला सांगू नकोस" म्हणून शपथ घातली असली तरीही! त्याच क्षणी मोठ्यांना सांगायचं. ती चुगली नव्हे, ती मदत आहे.

आणि हो, वहीचं ते पान तुम्हीही करून पाहा. 'गणित मला कधीच येणार नाही' हा विचार घ्या आणि मारा थापटणं!

आई-बाबांसाठी चार ओळी

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यामुळे मनाचा आजार म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला लांबचा प्रवास आणि उंच भिंतीच आठवतात. पण बहुतेक रुग्णांवर घरी राहूनच उपचार होतात. पहिली चौकशी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात करावी. २०१५ मध्ये दुष्काळानं आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जिल्हा हादरला होता. तेव्हा यवतमाळबरोबर आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बळीराजा चेतना अभियान आणि १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. आशाताई घरोघर जाऊन 'मन कसं आहे?' असं विचारू लागल्या. हा प्रश्न घरातही विचारायला हरकत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि रुग्णाला साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या वर्षी

पुन्हा गणपती आले. ढोल वाजू लागले. एका संध्याकाळी दादा बहिणीजवळ येऊन बसला.

"ऐक ना, काल चारच तास झोपलो. आज सकाळपासून दोन नवे बेत डोक्यात आलेत. पाणी वाढायलंय गं."

बहीण घाबरली नाही. कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद दोघांनी मिळून वाचला. मग तिनं बाबांना हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाप-लेक डॉक्टरांकडे गेले. दादानं वही बरोबर घेतली होती.